डोंगरवाटांचे संवर्धन

डोंगरवाटांचे संवर्धन म्हणजे कोणताही आराखडा न करता, केवळ सततच्या वापराने पडलेल्या पायवाटा व सायकलवाटा यांचे मूळ रूप कायम ठेवून त्यांची धूप रोखणे आणि त्या दीर्घकाळ वापरण्याजोग्या राखणे होय. महाराष्ट्रात सह्याद्रीतील घाटवाटा, गडांवर जाणाऱ्या वाटा आणि माथेरानमधील मातीचे रस्ते यांच्या संदर्भात हा विषय महत्त्वाचा ठरतो.

वाटांचे स्वरूप

सह्याद्रीतील काही वाटा मुद्दाम बांधलेल्या आहेत. जुन्नरला कोकणाशी जोडणारा सातवाहनकालीन नाणेघाट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मात्र बहुसंख्य वाटा गुरे, गुराखी, लाकूडफाटा आणणारे ग्रामस्थ आणि बाजाराला जाणारी माणसे यांच्या पावलांनी मळलेल्या आहेत. मोजक्या माणसांच्या ये-जा करण्याने अशा वाटा टिकून राहतात. गिर्यारोहण व पदभ्रमण यांची आवड वाढल्यावर, विशेषतः पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी, त्यांच्यावर मूळच्या वापराहून कितीतरी अधिक भार पडू लागला.

हानीची कारणे

वाटेचा मुख्य शत्रू पाऊल नसून पाणी होय. पावलांनी गवत नाहीसे होते व माती सैल होते. पुढचे काम वाहते पाणी करते. सह्याद्रीत वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उताराच्या दिशेने सरळ चढणारी वाट या काळात ओहळ बनते व तिच्यातील माती निघून जाऊन दगडगोटे उघडे पडतात. असा घसारा किंवा चिखल टाळण्यासाठी माणसे कडेने चालतात, त्यामुळे वाट रुंदावते अथवा समांतर वाटा फुटतात. वळणे टाळून काढलेल्या आडवाटांचाही परिणाम असाच होतो. ओल्या मातीवर सायकलीच्या चाकांनी पडलेली सलग चाकोरी पाण्याला आयता मार्ग करून देते.

उपाय

वाटेचा चढ डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा एक सर्वमान्य संकेत आहे. उतार २० टक्के असल्यास वाटेचा चढ १० टक्क्यांपर्यंत ठेवावा. वाटेची बाहेरची कड किंचित उतरती ठेवल्यास पाणी आडवे निघून जाते. चढत्या वाटेत ठरावीक अंतराने लहानसा उतार दिल्यास पाणी तेथेच बाहेर पडते. जुन्या वाटेवर हे शक्य नसल्यास तिरपे दगड बसवून पाणी बाजूला वळवतात. आडवाटा काटेरी फांद्या व दगड टाकून बंद करतात. चिखल असताना सायकली न चालवणे हा बिनखर्चाचा उपाय होय.

मूळ रूपाचा प्रश्न

संवर्धनाच्या नावाखाली सिमेंटच्या पायऱ्या, कठडे व फलक उभारल्यास धूप थांबली तरी वाटेचे वाटपण उरत नाही. शिवाय उंच पायऱ्या गैरसोयीच्या वाटल्यास लोक त्यांच्या कडेने चालतात आणि धूप शेजारी सरकते. म्हणून जागेवरचाच दगड सिमेंटविना रचणे, वळणे व मोठी झाडे राखणे आणि आवश्यक तेवढाच हस्तक्षेप करणे इष्ट मानले जाते. काही ठिकाणी सुरक्षितता अधिक महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईवर (१,६४६ मीटर) अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत.

माथेरानचे उदाहरण

माथेरानमध्ये मोटारींना दस्तुरीपर्यंतच प्रवेश असून पुढील वाहतूक मुख्यतः पायी व घोड्यांवरून चालत आली आहे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित झाला. येथील जांभ्याची लाल माती पावसात वाहून जाते. त्यामुळे रस्त्यांवर मातीचे भाजीव ठोकळे बसवण्यात आले. यामुळे धूप व धूळ कमी होते, असे समर्थकांचे म्हणणे होते. तर घोडे घसरतात आणि गिरिस्थानाचे मूळ रूप बिघडते, असा आक्षेप घेण्यात आला. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

व्यवस्थापन

अनेक वाटा वनजमिनीतून जातात, म्हणून त्यांवरील कामास वन विभागाची परवानगी लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड व भीमाशंकर या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे, तर संरक्षित गडांवर पुरातत्त्व खात्याचे नियम पाळावे लागतात. पाणी कोठून उतरते व दरड कोठे सुटते हे पायथ्याच्या ग्रामस्थांना ठाऊक असते. वाट मुळात त्यांच्याच वापरातून पडलेली असल्याने दुरुस्तीपूर्वी त्यांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.