वाटेवरच्या शिळा आणि लदेणीच्या वाटा

यवतमाळहून दारव्हा, दिग्रस या मार्गाने पुसदकडे जाणाऱ्या प्रवाशास वाटेत तीन प्रकारचे दगड भेटतात. पहिला सरकारी अंतरदर्शक दगड. दुसरा झाडाखालचा शेंदूर फासलेला दगड. त्याचे मूळ विचारले असता नमस्कार करणारासही ते सांगता येत नाही. तिसरा तालुक्याच्या गावी आढळणारा स्मृतिस्तंभ. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त देशभर गटविकासाच्या ठाण्यांवर असे स्तंभ उभारण्यात आले व त्यांवर त्या त्या भागातील स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरण्यात आली. ही कृतज्ञता योग्यच होय. परंतु या वाटा प्रथम ज्यांच्या बैलांच्या खुरांनी मळल्या, त्या तांड्यांची आठवण करून देणारी शिळा मात्र या मार्गावर प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली नाही.

आपल्या पूर्वजांची लदेणी ही केवळ पोटापाण्याची फेरी नव्हती. चाकांच्या गाड्यांना रस्ते नव्हते, त्या काळी धान्य व मीठ गोण्यांत भरून बैलांच्या पाठीवरून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचविणारी ती एक शिस्तबद्ध व्यवस्था होती. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. मोगलांची दक्षिणेतील फौज काय, किंवा १८०३ साली वऱ्हाडात आडगाव व गाविलगड येथे लढणारी वेलस्लीची फौज काय, दोहोंचे पोट बंजाऱ्यांच्या गोण्यांवर अवलंबून होते. सेनापतींची नावे इतिहासात राहिली. दाणा कोणी आणला हे विचारण्याची इतिहासकारांस सहसा गरज वाटली नाही.

या प्रदेशातील आपल्या समाजाचा एक जुना लिखित वृत्तांत १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता कंबरलेज हा वाशीमचा जिल्हा पोलीस अधिकारी होता. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यातच असे; १९०५ साली तो जिल्हा मोडल्यावर पुसद यवतमाळास जोडले गेले. म्हणजे ज्याचे काम आमच्यावर नजर ठेवण्याचे, त्याच्याच लेखणीतून आमचा इतिहास उतरावा, असा हा योग! तरीही त्याचे आपण ऋणी असले पाहिजे, कारण भंगी व जंगी या नायकांच्या ताम्रपटाची परंपरा त्याने नोंदवून ठेवली. पुढे १९१६ साली रसेल व हिरालाल यांनीही ती आपल्या ग्रंथात घेतली. इ. स. १६३० च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान दक्षिणेत उतरला तेव्हा या नायकांचे १,८०,००० बैल त्याच्या फौजेबरोबर होते, असे ही परंपरा सांगते. बैलांना वेळेवर चारा मिळावा म्हणून त्यांना ज्या सवलती मिळाल्या, त्यांत घरांच्या छपरावरचे गवतसुद्धा काढून घेण्याची मुभा होती.

ही परंपरा जशीच्या तशी दगडावर कोरावी असे मात्र मी म्हणणार नाही. ताम्रपटाच्या मजकुरात ‘आसफजाह’ असे नाव येते, आणि ही पदवी निजामास १७२५ साली मिळाली. त्यामुळे काळाविषयी शंकेस जागा राहते. बैलांचा आकडाही स्मरणावर आधारलेला आहे. समाजाच्या अभिमानापोटी शंकास्पद गोष्ट शिळेवर घातली, तर तीच शिळा पुढे आपल्याविरुद्ध साक्ष देईल.

निश्चित माहिती आहे ती नंतरच्या काळाची. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची लोहवाट कापसासाठी सुरू झाली. लदेणी बसली. तांडे डोंगरकपारीत स्थिरावले, शेती व गुरे यांवर जगू लागले. आणि त्याच वेळी जंगले राखीव होऊन चराईवर निर्बंध आले. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. आपल्या समाजाच्या काही शाखांनाही तो चुकला नाही, आणि तो पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

म्हणूनच १० जुलै १९३० चा दिवस आपल्या दृष्टीने विशेष अर्थाचा आहे. त्या दिवशी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदनजीकच्या राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला व त्यांस अटक झाली. त्याच महिन्याच्या २१ तारखेस यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. हेडगेवार यांनीही असाच सत्याग्रह केला. मिठाला समुद्र हवा. वऱ्हाडात समुद्र नाही, म्हणून गवत निवडले, असे साधारणपणे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण गवत निवडले याचे कारण रानाच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येक गुराख्याला त्या कायद्याची झळ ठाऊक होती, हेही तितकेच खरे. परंपरेनुसार तीनशे वर्षांपूर्वी ज्यांना छपरावरचे गवत काढण्याची मुभा होती, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना रानातले गवत घेणे हा अपराध ठरला होता. पुढाऱ्यांच्या अटकेची नोंद झाली. त्याआधी कित्येक वर्षे कोंडवाड्यातून गुरे सोडवून आणणाऱ्यांची नावे कोणत्या स्तंभावर असणार?

पुसद तालुक्यातील गहुली हे तांड्यातून उभे राहिलेले गाव. तेथे १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक पुढे १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री झाले, म्हणून गहुलीचे नाव सर्वतोमुखी झाले. इतर तांड्यांचे काय? पुष्कळ तांडे त्यांच्या मूळ नायकाच्या नावाने ओळखले जातात, पण सरकारदप्तरी शेजारच्या महसुली गावात मोडतात, आणि रस्त्यावरच्या पाटीवर नाव येते ते त्या गावाचे.

संघाने शिळा बसविण्याचे मनावर घेतल्यास मजकूर लांबलचक नको. तांड्याचे नाव, तो वसविणाऱ्या नायकाचे नाव, तांडा कोणत्या वाटेने येथे आला, आणि पहिली विहीर कोठे खणली, एवढे पुरे. ही माहिती आज वडीलधाऱ्या मंडळींच्या मुखी आहे. येत्या होळीस सर्वजण तांड्यावर जमतील तेव्हा एकाने वही घेऊन बसावे, दोन घरांतून निरनिराळी उत्तरे आली तर दोन्ही लिहून घ्यावीत, आणि दगड घडविण्याचे काम त्यानंतर पाथरवटाकडे द्यावे.