नॅनोतंत्रज्ञान : कृष्णाकाठावरून कोरियापर्यंतची वाट

सातारा-सांगलीकडच्या घरांत मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी. झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘आता बी.एड. की नोकरी?’ तिसरीही एक वाट आहे आणि ती आपल्याच भागातून जाते. तिची माहिती आपण थोडक्यात घेऊ.

नॅनो म्हणजे काय?
एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. पदार्थ इतका बारीक झाला की त्याचा रंग, ताकद, वीज वाहण्याचा गुण बदलतो. सौर घट, वीज साठवणारी उपकरणे, वायू ओळखणारे सेन्सर यांत त्याचा उपयोग होतो. केंद्र सरकारने 2007 मध्ये ‘नॅनो मिशन’ सुरू केले.

आपल्या भागाचे काम
1962 साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे येतात. तिथे प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. पी. एस. पाटील यांच्यासारख्या प्राध्यापकांनी पातळ थरांवरचे संशोधन वाढवले. महागडी निर्वात यंत्रे नसली तरी हे काम होते. काचेची पट्टी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. प्रत्येक फेरीला थर थोडा जाड होतो. या पद्धतीला ‘सिलार’ म्हणतात. तिच्यावर हबीब पठाण आणि लोखंडे यांनी 2004 मध्ये लिहिलेला आढावा लेख आजही जगभरचे संशोधक वापरतात. पठाण यांनी पुढे दक्षिण कोरियाच्या ‘किस्ट’ या संस्थेतील संशोधकांबरोबर काम केले. आपल्या मुलांना दाखवावे असे हे उदाहरण आहे.

भागीदारी चालते कशी?
कागदावर सामंजस्य करार होतो, पण खरा धागा माणसांचा असतो. इथे थर तयार होतो. जी तपासणी इथे होत नाही, ती परदेशातल्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. शोधनिबंधावर दोन्हीकडची नावे येतात. त्या ओळखीतून इथला विद्यार्थी पीएच.डी.ला किंवा त्यानंतरच्या संशोधनाला सोल, ग्वांगजूसारख्या शहरांत जातो. म्हणून मार्गदर्शक निवडताना एवढे जरूर पाहा : त्यांचे परदेशी संशोधकांबरोबरचे निबंध किती आहेत, आणि त्यांचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत?

पैशांचे काय?
इथेच आपल्या घरांची गाडी अडते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी ‘पढो परदेश’ योजनाही त्याच सुमारास थांबली. पण सगळे दरवाजे बंद नाहीत :

- सीएसआयआर-यूजीसी नेटमधून मिळणारी जेआरएफ : 2023 पासून महिना 37,000 रुपये. ती गुणवत्तेवर मिळते आणि सर्वांना खुली आहे.
- ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप : कोरियन सरकारची, फी, विमान तिकीट, दरमहा खर्च आणि भाषेचे शिक्षण.
- जर्मनीची डाड शिष्यवृत्ती : तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फीही जवळपास नसते.

अनेक ठिकाणी प्राध्यापकाच्या प्रकल्पातूनही विद्यार्थ्याला मानधन मिळते. प्रवेशासाठी एजंटाला लाखो रुपये देण्याआधी प्राध्यापकाला थेट ई-मेल करून पाहा.

घरच्यांची काळजी
‘मुलगी एकटी कशी राहील? हलाल जेवणाचं काय?’ हे प्रश्न रास्तच आहेत. सोलच्या इतेवॉन भागात 1976 पासून मोठी मशीद आहे आणि आसपास हलाल दुकानेही आहेत. लहान शहरांत मात्र स्वतः रांधावे लागते. तिथे आधीपासून असलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी अम्मी-अब्बांनी स्वतः फोनवर बोलावे; निम्मी काळजी तिथेच मिटते.

आता काय करावे?
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून इंग्रजी वाचन आणि नेटची तयारी सुरू करा. पासपोर्ट काढून ठेवा. एम.एस्सी.चा प्रकल्प नुसते गुण मिळवण्यासाठी करू नका. परदेशातला प्राध्यापक तुम्हाला आधी त्याबद्दलच विचारणार आहे.