पॉझिट्रॉनाचा मंद झोत

१९३२ सालीं पॅसाडेना येथें कार्ल अँडरसन यांस वैश्विक किरणांत पॉझिट्रॉन, म्हणजे धनविद्युत् धारण करणारा इलेक्ट्रॉनाचा जुळा भाऊ, दिसला. १९५१ त मार्टिन डॉइच यांनीं या दोघांच्या जोडीचा ‘पॉझिट्रोनियम’ नांवाचा अणु सिद्ध केला. केंद्रकावांचून अणु, आणि त्याचें सरासरी आयुष्य फार तर सेकंदाच्या सत्तर लक्षाव्या भागाएवढें! मात्र किरणोत्सर्गी द्रव्यांतून सुसाट सुटणाऱ्या पॉझिट्रॉनांस लगाम घालून त्यांचा मंद झोत करणें कोणास साधेना. ते धातूंत शिरून मंदावतात. पण पुन्हां बाहेर येतात काय? १९५० सालीं मॅडन्स्की व रासेटी यांनीं शोध केला, हातीं कांहींच लागलें नाहीं. १९५८ त विल्यम चेरी यांस क्रोमियमच्या लेपांतून ते निघतांना आढळले, परंतु दहा कोटींत अवघे तीन! असल्या उत्पन्नावर कोण संसार मांडणार? १९७२ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत कँटर प्रभृतींनीं मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी वापरून हें प्रमाण सुमारें हजारपट वाढविलें.

अडचण कोठें होती, तें मागाहून उमगलें. निर्मळ धातूचा पृष्ठभाग पुष्कळदां पॉझिट्रॉनास स्वतः होऊन बाहेर लोटतो. स्फटिकांतील रिकाम्या जागा व वरचा मळ हे त्यास मध्येंच अडकवितात. म्हणजे जें प्रयोगाच्या मुळावर आलें होतें, तेंच तपासण्याचें साधन हातीं आलें. १९८८ त अलेक्स वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पृष्ठभागीं अडकलेल्या पॉझिट्रॉनाकडून अगदीं वरच्या थरांतील अणूंचीच ओळख पटविली. २००७ सालीं कॅसिडी व मिल्स यांनीं सच्छिद्र सिलिकावर दाट झोत सोडला, तेव्हां तेथें दोन पॉझिट्रोनियम एकत्र येऊन त्यांचा रेणू बनला.