ओळ, स्तंभ आणि सलगता

सारणी कागदावर आडवी-उभी पसरते. गणकयंत्राची स्मृती मात्र एकाच रांगेत मांडलेल्या घरांची. तेव्हा सारणी स्मृतीत ठेवावयाची म्हणजे तिची एक रांग करणे आलेच. ती ओळीओळीने करावी की स्तंभास्तंभाने? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे असे आम्हांस वाटते.

१९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान भाषा सिद्ध केली. तिने स्तंभांचा क्रम पत्करला. पुढे डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेत ओळींचा क्रम आला. दिशा निराळ्या, पण दोन्हींकडे अखंड सारणी सलगच असे.

अडचण उद्भवते ती सारणीचा तुकडा घेताना. तीन ओळी व चार स्तंभ यांची बारा घरांची सारणी घेऊ. तिच्या पहिल्या दोनच ओळी हव्या असतील, तर फोर्ट्रानच्या क्रमात १, २, ४, ५, ७, ८, १०, ११ ही घरे येतात. तिसरे, सहावे, नववे मध्येच गळतात. १९७९ च्या ‘ब्लास’ या उपक्रमसंग्रहात म्हणूनच दोन घटकांमधील पाऊल किती, हे प्रोग्राम लिहिणाराने सांगावयाचे असे. ते चुकले तर यंत्र तक्रार न करता खोटे उत्तर देऊ शके.

१९९१ च्या फोर्ट्रान ९० ने असे तुकडे लिहिणे सुलभ केले. पण जुन्या उपक्रमाला सलग घरेच लागतात. मग कंपायलर अनेकदा गुपचूप नक्कल करतो व काम झाल्यावर मूळ जागी परत उतरवितो. उत्तर बरोबर येते. वेळ आणि स्मृती मात्र खर्ची पडते.

शेवटी फोर्ट्रान २००८ ने ‘ही सारणी सलग आहे काय?’ असे विचारणारे खास फलनच दिले. पायथॉनच्या नमपायमध्येही ओळक्रम व स्तंभक्रम यांसाठी दोन निराळ्या खुणा आहेत. कसोटी साधी आहे: स्तंभक्रमात खाली उतरताना पाऊल एक हवे, आणि शेजारच्या स्तंभात जाताना ते ओळींच्या संख्येइतके हवे. वरील तुकड्यात ओळी दोन, पाऊल मात्र तीन; म्हणून तो सलग नव्हे.

जोवर मांडणी माणूस स्वतः करीत होता, तोवर हा प्रश्न यंत्राला विचारावा लागत नव्हता. सोयीने मांडणी दृष्टीआड केली, तेव्हाच तो विचारणे भाग पडले.