डार्टमूर येथील वर्तुळाकार झोपड्या व शेतांचे बांध : प्रागैतिहासिक भूमिव्यवस्थेचा एक अभ्यास

प्रस्तावना :

लिखित साधने नसलेल्या काळात जमिनीची वाटणी कशी होत असे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमीच अवघड वाटत आला आहे. उत्खननात घरांचे पाये, चुली, खापरे मिळतात. परंतु त्या घरांतील माणसे जी शेते कसत होती, त्यांच्या सीमा बहुतेक ठिकाणी पुढील काळातील नांगरटीने पुसून टाकल्या आहेत. इंग्लंडच्या नैऋत्य भागातील डेव्हन काउंटीमधील डार्टमूर हे पठार याला अपवाद आहे. येथे कांस्ययुगीन वस्ती व तिची शेते ही दोन्ही आजही एकत्र पाहावयास मिळतात. या अवशेषांचे स्वरूप स्पष्ट करणे व त्यांवरून तत्कालीन समाजाविषयी कोणते अनुमान काढणे उचित ठरेल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वस्तीचे स्वरूप :

डार्टमूर हे ग्रॅनाइट खडकाचे उंच पठार असून १९५१ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. येथे ‘हट सर्कल’ या नावाने ओळखले जाणारे सुमारे पाच हजार अवशेष नोंदले गेले आहेत. ग्रॅनाइटच्या दगडांची बुटकी वर्तुळाकार भिंत, आत लाकडी खांबांचे कडे आणि त्यावर शंकूच्या आकाराचे शाकारलेले छप्पर, अशी या घरांची रचना होती. दार बहुधा दक्षिणेकडे वा आग्नेयेकडे असे. ग्रिम्सपाउंड येथे सुमारे चार एकर जागेला दगडी तटाने वेढलेले असून आत २४ घरांचे अवशेष आहेत. १८९४ मध्ये तेथे झालेल्या उत्खननात चुली व बसण्याझोपण्याचे ओटे आढळले. येथील माती आम्लधर्मी असल्याने हाडे टिकत नाहीत; म्हणून दफनांवरून वा प्राण्यांच्या अस्थींवरून मिळणारी माहिती येथे जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे बांधांच्या अभ्यासाला अधिक महत्त्व प्राप्त होते.

शेतांची आखणी :

या पठारावरील दगडमातीच्या बुटक्या, लांबच लांब बांधांना स्थानिक बोलीत ‘रीव्ह’ म्हणतात. ते प्रागैतिहासिक शेतांचे बांध आहेत, ही गोष्ट १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग व जॉन कॉलिस यांच्या पाहणीतून प्रस्थापित झाली. अनेक बांध एकमेकांना समांतर धावतात, त्यांच्यामधील पट्टे आडव्या बांधांनी विभागलेले असतात व वरच्या बाजूला एक सीमाबांध असतो. त्यापलीकडील उंच माळ सामाईक चराईसाठी मोकळा ठेवला असावा. डार्टमीट येथील समूहाचा विस्तार सुमारे तीन हजार हेक्टर असून त्यातील बांध नदीची खोल दरी ओलांडून पलीकडे त्याच दिशेने पुढे जातात. जेफ्री वेनराइट यांच्या नेतृत्वाखाली शॉ मूर येथे १९७६ पासून झालेल्या उत्खननात एका बांधालगतच्या चरात गुरे, मेंढ्या व घोडे यांच्या खुरांचे ठसे मिळाले. तेथील परागकणांचा अभ्यासही मुख्यतः पशुपालनाकडे निर्देश करतो. या बांधांचा प्रारंभ इ. स. पू. सतराव्या शतकाच्या सुमारास झाला, असे कार्बन-१४ कालमापनावरून दिसते.

अनुमानाचा प्रश्न :

एवढी सरळ व विस्तृत आखणी कोणी केली? फ्लेमिंग यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, हे मोठ्या समुदायांनी एकत्र येऊन, विचारपूर्वक व अल्पावधीत केलेले नियोजन होते. त्यांना येथे राजा दिसला नाही. परंतु एक सामूहिक निर्णय मात्र दिसला. २००५ मध्ये रॉबर्ट जॉन्स्टन यांनी या मताला आव्हान दिले. त्यांच्या मते कित्येक बांध तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या वेळी उभे राहिले व आधीच्या घरांना आणि वहिवाटीला धरून वाढत गेले. होल्न मूर येथे स्वतः फ्लेमिंग यांनाच दगडी बांधांच्या आधीच्या लाकडी कुंपणांच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणजे आज दिसणारा दगडी बांध ही सीमेची सुरुवात नसून, अगोदरच रुळलेल्या सीमेला दिलेले कायम रूप असू शकते.

ग्रामीण भागातील वाचकास यात अपरिचित काही नाही. बांध कोरल्यावरून भाऊबंदकीत पेटणारे तंटे पाहिलेल्यांना ठाऊक असते की, बांध एकदा घालून संपत नाही. तो दर पिढीला राखावा व मान्य करून घ्यावा लागतो. त्याचा सरळपणा हा अनेक पिढ्यांच्या संमतीचा परिणाम असू शकतो.

हा मुद्दा महाराष्ट्रातील अभ्यासालाही लागू पडतो. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात जोर्वे संस्कृतीची घरे, उत्तरकाळातील गोल झोपड्या, पाण्याचा कालवा व धान्यकोठारालगतचे पाच खोल्यांचे घर उजेडात आले. त्यावरून म. के. ढवळीकर यांनी तेथे गावप्रमुखाची सत्ता असल्याचे प्रतिपादन केले. हे अनुमान विचारार्ह आहे. तथापि, मोठे काम दिसताच त्यामागे एकच सत्ता शोधण्याची सवय तपासून घ्यावी, असे डार्टमूरचे उदाहरण सुचविते.

ऱ्हास :

इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात डार्टमूरवरील वस्ती ओसरू लागली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीटच्या एका अभ्यासानुसार, इ. स. पू. चौदाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान तेथील हवामान अधिक थंड व ओले झाले. वस्ती हलण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण असावे. पुढील काळात उंच माळावर फारशी नांगरट न झाल्याने हे बांध टिकून राहिले.

निष्कर्ष :

डार्टमूरचे बांध हे लेखणीविना लिहिलेले जमिनीचे दप्तर होय. परंतु दप्तरातील सर्व नोंदी एकाच हाताच्या, एकाच दिवसाच्या नसतात. आखणीतील नियमितपणा हा एका आज्ञेचा पुरावा मानण्यापूर्वी प्रत्येक बांधाचा बांधणीक्रम पाहणे आवश्यक आहे. राज्यसंस्था व लेखनकला नसतानाही सामान्य कुटुंबांनी आपापसांतील सीमा शेकडो वर्षे सांभाळल्या, हे या अवशेषांवरून दिसून येते. इतिहासलेखनात या सामान्यांच्या कर्तृत्वाला स्थान मिळणे न्याय्य ठरेल.