आहार व चिंता : वल्कचर्माचा इतिहास

रोजच्या आहारातील उणिवेने मनःस्वास्थ्य बिघडू शकते, हे ज्या रोगांच्या इतिहासातून निःसंशय सिद्ध झाले, त्यांत वल्कचर्म (पेलाग्रा) हा प्रमुख होय. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवरील खरखरीत चट्टे, अतिसार आणि बुद्धिभ्रंश ही त्याची ठळक लक्षणे. तथापि चट्टे उमटण्यापूर्वीच पुष्कळदा चिंता, निद्रानाश, चिडखोरपणा व खिन्नता जाणवू लागते. या मानसिक लक्षणांचा अन्नाशी असलेला संबंध दीर्घकाळ अज्ञात राहिला व त्याची किंमत मुख्यतः गरिबांना मोजावी लागली.

अमेरिका खंडातून यूरोपात आलेला मका स्पेन व इटलीतील शेतमजुरांचे मुख्य अन्न बनला. गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने १७३५ मध्ये या रोगाचे वर्णन केले. फ्रांचेस्को फ्रापोल्ली याने १७७१ मध्ये ‘खरखरीत त्वचा’ या अर्थाचे पेलाग्रा हे नाव रूढ केले. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत व त्यामुळे त्यातील बद्ध निॲसीन मोकळे होई. यूरोपने धान्य घेतले. ही रीत मात्र घेतली नाही. उत्तर इटलीतील मनोरुग्णालयांत या रोगाचे अनेक रुग्ण असत. बुरसटलेल्या मक्यातील विष हे त्याचे कारण असावे, असे चेझारे लोम्ब्रोसो मानीत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात या रोगाची मोठी साथ आली. अलाबामातील एका मनोरुग्णालयात १९०६ मध्ये त्याचा उद्रेक झाला. संसर्ग व आनुवंशिकता ही कारणे पुढे मांडली गेली. जोसेफ गोल्डबर्गर (१८७४–१९२९) याने १९१४ मध्ये संशोधनाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली : अशा संस्थांतील रुग्ण व मुले आजारी पडतात, त्यांच्या सहवासात राहणारे सेवक मात्र निरोगी राहतात. संसर्ग असा भेद करीत नाही. भेद होता तो ताटात. मिसिसिपी राज्यातील दोन अनाथालयांत दूध, अंडी, मांस व कडधान्ये यांचे प्रमाण वाढविताच रोग जवळजवळ नाहीसा झाला. उलट १९१५ मध्ये त्याच राज्यात, शिक्षामाफीच्या आश्वासनावर पुढे आलेल्या ११ कैद्यांना मुख्यतः मका व पिष्टमय पदार्थांचा आहार दिला असता ६ जणांत रोगाची लक्षणे उद्भवली. रोगाचे मूळ दारिद्र्यात आहे, हा निष्कर्ष दक्षिणेतील अनेक पुढाऱ्यांना रुचला नाही.

गोल्डबर्गरच्या निधनानंतर, १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम याने निकोटिनिक अम्लाने कुत्र्यांतील तत्सम रोग बरा होतो, असे दाखविले. टॉम स्पाइझ व त्याच्या सहकाऱ्यांनी ते रुग्णांना दिले, तेव्हा त्यांची मानसिक लक्षणेही झपाट्याने ओसरली. निकोटिनिक अम्ल म्हणजेच निॲसीन हे पेशींतील ऊर्जानिर्मितीस आवश्यक असते. शरीर ते ट्रिप्टोफेन या ॲमिनो अम्लापासूनही बनविते. सुमारे ६० मिग्रॅ. ट्रिप्टोफेनापासून १ मिग्रॅ. निॲसीन मिळते. मनःस्थितीशी निगडित असलेले सेरोटोनीनही ट्रिप्टोफेनापासूनच तयार होते.

भारतात हा रोग मक्याऐवजी ज्वारीच्या संदर्भात अभ्यासला गेला. दख्खनच्या पठारावरील ज्वारीभक्षक गरीब मजुरांत तो आढळे. हैदराबाद येथे सी. गोपालन व एस. जी. श्रीकंठिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसीनाच्या आधिक्याचा त्याच्याशी संबंध सुचविला. या उपपत्तीविषयी पुढे मतभेद झाले. दोष भाकरीचा नसून निव्वळ भाकरीवर भागवावे लागण्याचा होता. डाळ, शेंगदाणे व ताक यांची जोड मिळाली म्हणजे ही उणीव भरून निघते. आहारात विविधता आली, तसा हा रोग विरळ झाला.

प्रत्येक चिंतेचे मूळ आहारात असते, असा याचा अर्थ नव्हे. निॲसीन पुरेसे मिळत असलेल्या व्यक्तीची चिंता अधिक निॲसीन घेतल्याने दूर होते, असेही यावरून ठरत नाही. मात्र मद्यासक्ती, पचनसंस्थेचे जुनाट विकार किंवा उपासमार असलेल्या रुग्णाची अस्वस्थता केवळ मनाची मानण्यापूर्वी त्याच्या आहाराची चौकशी करणे अगत्याचे आहे, हा धडा या इतिहासाने वैद्यकास दिला.