द बोर्न सुप्रीमसी

द बोर्न सुप्रीमसी हा हेरगिरीवर आधारित इंग्रजी थरारपट २३ जुलै २००४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. 'द बोर्न आयडेंटिटी' (२००२) या चित्रपटाचा हा उत्तरभाग असून त्याचे दिग्दर्शन पॉल ग्रीनग्रास यांनी केले आहे. मॅट डेमन यांनी स्मृती हरवलेला मारेकरी जेसन बोर्न याची भूमिका साकारली आहे. चित्रपटाचे आरंभीचे प्रसंग गोव्यात घडतात व त्यांचे चित्रीकरणही गोव्यातच झाले. हातात धरलेल्या, सतत हलणाऱ्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण आणि अतिशय वेगवान संकलन ही या चित्रपटाची ओळख ठरली. या शैलीची प्रशंसा झाली, तशीच तिच्यावर टीकाही झाली.

== कथानक ==
सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेला जेसन बोर्न आपली मैत्रीण मारी हिच्यासह गोव्यात अज्ञातवासात राहत असतो. गतस्मृती त्याला स्वप्नांतून तुकड्यातुकड्यांनी दिसतात व त्या तो वहीत टिपून ठेवतो. दरम्यान बर्लिनमध्ये दोन माणसांची हत्या होते. किरिल हा रशियन मारेकरी घटनास्थळी बोर्नच्या बोटाचा ठसा ठेवतो आणि त्यानंतर खुद्द बोर्नला संपवण्यासाठी गोव्यात येतो. पाठलागात किरिलने बोर्नसाठी झाडलेली गोळी मारीला लागते, जीप पुलावरून पाण्यात कोसळते आणि मारीचा मृत्यू होतो.

सीआयएनेच हा हल्ला केला असे समजून बोर्न नेपल्स, म्युनिक आणि बर्लिन येथे जातो. सीआयए अधिकारी पामेला लँडी त्याच्या मागावर असते. आपण पहिली कामगिरी म्हणून बर्लिनमधील एका हॉटेलात नेस्की या रशियन राजकारण्याची व त्याच्या पत्नीची हत्या केली होती, हे बोर्नला हळूहळू आठवते. ही हत्या वॉर्ड ॲबट या सीआयए अधिकाऱ्याने स्वतःचा भ्रष्टाचार लपवण्यासाठी करवून घेतलेली असते. अखेरीस बोर्न मॉस्कोला जातो. किरिलशी होणाऱ्या मोटारींच्या पाठलागानंतर तो नेस्की यांच्या मुलीला भेटून सत्य सांगतो व तिची क्षमा मागतो.

== प्रमुख कलाकार ==
* मॅट डेमन – जेसन बोर्न
* फ्रँका पोटेंटे – मारी
* जोन ॲलन – पामेला लँडी
* ब्रायन कॉक्स – वॉर्ड ॲबट
* कार्ल अर्बन – किरिल
* जुलिया स्टाइल्स – निकी पार्सन्स
* ओक्साना आकिनशिना – इरेना नेस्की

== कादंबरी आणि पटकथा ==
चित्रपटाचे नाव रॉबर्ट लडलम यांच्या १९८६ मधील कादंबरीवरून घेतले असले, तरी कथानक बहुतांशी नवे आहे. कादंबरीची पार्श्वभूमी हाँगकाँग, मकाऊ व चीनची असून तिच्यात मारीचे अपहरण होते. टोनी गिलरॉय यांच्या पटकथेत मारीचा आरंभीच मृत्यू होतो. त्यामुळे पुढील कथेचा भर सुडापेक्षा नायकाच्या अपराधभावनेवर राहतो, आणि शेवटचा महत्त्वाचा प्रसंग शत्रूच्या नाशाचा न राहता क्षमायाचनेचा होतो.

== चित्रीकरण ==
चित्रपटातील स्थळे ज्या क्रमाने येतात, त्याच्या उलट क्रमाने चित्रीकरण झाले. प्रथम मॉस्कोतील काही भाग, नंतर बर्लिन व परिसरातील बहुतांश चित्रपट आणि सर्वांत शेवटी गोवा असा हा क्रम होता. गोव्यात दक्षिणेकडील पाळोळे येथील किनारा आणि राजधानी पणजी येथे चित्रण करण्यात आले.

ऑलिव्हर वूड हे छायालेखक होते. संकलन क्रिस्टोफर राउज व रिचर्ड पिअर्सन यांनी केले, तर संगीत जॉन पॉवेल यांचे आहे.

== हलत्या कॅमेऱ्याची शैली ==
=== पूर्वपीठिका ===
हातात कॅमेरा धरून चित्रण करणे ही या चित्रपटाची नवलाई नव्हती. वजनाला हलके कॅमेरे आल्यावर १९६० च्या दशकातील माहितीपटकारांनी ही पद्धत रूढ केली. जिलो पाँतेकोर्वो यांच्या 'द बॅटल ऑफ अल्जियर्स' (१९६६) या चित्रपटाने वृत्तपटाचा भास निर्माण करण्यासाठी तिचा उपयोग केला. ग्रीनग्रास स्वतः ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील शोधपत्रकारितेतून चित्रपटांकडे आले होते. उत्तर आयर्लंडमधील १९७२ च्या गोळीबारावरील त्यांचा 'ब्लडी संडे' (२००२) हा चित्रपट याच पद्धतीने चित्रित झाला होता. तो पाहूनच निर्मात्यांनी त्यांची निवड केली. 'द बोर्न आयडेंटिटी'चे दिग्दर्शक डग लायमन होते. त्या चित्रपटाचे छायालेखनही वूड यांचेच असले, तरी त्यातील कॅमेरा तुलनेने शांत आहे.

=== स्वरूप ===
या शैलीत कॅमेरा पुढे काय घडणार हे ठाऊक नसल्यासारखा वागतो. पात्र वळल्यानंतर तो वळतो, कधी उशिरा पोहोचतो, कधी मध्येच कुणाची पाठ किंवा खांब आड येतो. प्रतिमा क्षणभर अस्पष्ट होऊन पुन्हा स्पष्ट होते. त्यातच एखादी हालचाल पूर्ण होण्याआधी पुढचे दृश्य जोडले जाते. एका शॉटची सरासरी लांबी सुमारे दोन सेकंद आहे. 'द बोर्न आयडेंटिटी'त ती सुमारे तीन सेकंद होती. म्हणजे प्रेक्षकाला जाणवणारी अस्थिरता केवळ कॅमेऱ्याच्या कंपनातून येत नाही. कंपन, जवळून घेतलेल्या चौकटी आणि वेगवान संकलन या तिन्हींच्या संयोगातून ती निर्माण होते.

गोव्यातील पाठलागात या पद्धतीचे प्रयोजन स्पष्ट दिसते. पोशाख आणि मोटार यांमुळे परिसराशी विसंगत वाटणारा एक अनोळखी माणूस बोर्नच्या नजरेस पडतो. तो कोण हे बोर्नला ठाऊक नसते. केवळ धोक्याची जाणीव असते. रस्त्यातील माणसे व वाहने चुकवत जीप धावते, तेव्हा प्रेक्षकालाही परिस्थितीचे तुकडेच दिसतात. धावत्या जीपमध्ये बोर्न मारीला चालकाच्या जागी बसवतो, आणि हीच अदलाबदल घातक ठरते. चालक बोर्नच असेल असे गृहीत धरून झाडलेली गोळी मारीला लागते. जीप पाण्यात पडल्यानंतर मात्र गोंगाट थांबतो. पाण्याखाली बोर्न मारीला वाचवण्याचा प्रयत्न करतो व अखेर तिला सोडून देतो, तो प्रसंग संथ आणि जवळजवळ निःशब्द आहे. इरेनाची क्षमा मागण्याचा प्रसंगही असाच शांत आहे. आधीच्या धावपळीमुळे ही शांतता अधिक जाणवते.

म्युनिकमधील घरात होणारी मारामारी आणि मॉस्कोतील पाठलाग हीही या शैलीची ठळक उदाहरणे आहेत. मारामारीत बोर्न गुंडाळलेल्या मासिकाचा शस्त्रासारखा वापर करतो. मॉस्कोतील पाठलागात तो पिवळी व्होल्गा टॅक्सी चालवतो.

== प्रतिसाद ==
सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २९ कोटी डॉलरचे उत्पन्न मिळवले. अनेक समीक्षकांनी डेमन यांचा संयत अभिनय व पाठलागाची दृश्ये यांची प्रशंसा केली.

आक्षेप प्रामुख्याने कॅमेऱ्याविषयी होते. मारामारीत कोण कोठे आहे हे कळत नाही, मोठ्या पडद्यावर पाहताना डोके गरगरते, अशा तक्रारी झाल्या. अमेरिकी चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी २००७ मध्ये मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या निमित्ताने या शैलीची चिकित्सा केली. तीत हातातील कॅमेऱ्याची परंपरा जुनी असल्याचे दाखवून, या पद्धतीमुळे दृश्यरचनेतील उणिवा झाकल्या जाऊ शकतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. समर्थकांच्या मते मात्र प्रेक्षकाला नायकाइतकेच अपुरे ज्ञान देणे, हाच या शैलीचा हेतू आहे.

== प्रभाव ==
ग्रीनग्रास यांनी 'युनायटेड ९३' (२००६) या चित्रपटातही हीच पद्धत अवलंबिली. 'द बोर्न अल्टिमेटम' (२००७) या पुढील भागाला तीन ऑस्कर पुरस्कार मिळाले. त्यांपैकी संकलनाचा पुरस्कार राउज यांना मिळाला. 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) या जेम्स बाँडपटाची तुलना वारंवार बोर्न मालिकेशी केली गेली. पिअर्सन हे त्याच्याही संकलकांपैकी एक होते.

भारतात याच सुमारास, पण स्वतंत्रपणे, अनुराग कश्यप यांच्या 'ब्लॅक फ्रायडे' या हिंदी चित्रपटात मुंबईच्या झोपडपट्टीतील दीर्घ पाठलाग हातातील कॅमेऱ्याने चित्रित झाला. तेथे पळणारा व पाठलाग करणारे पोलीस दोघेही धापा टाकत थांबतात. बोर्नच्या वेगाची भीती आणि या दृश्यातील दमछाक यांची तुलना केल्यास, एकच तंत्र आशयानुसार किती भिन्न परिणाम साधू शकते हे लक्षात येते.